पाद्र्याचा शब्द

परप्रांतात नोकरी करणाऱ्या मराठी माणसाचा इतिहासाशी संबंध बहुधा रविवारी येतो. आठवड्याचे पाच दिवस फायलींत जातात, शनिवार बाजारहाटात आणि गावाकडच्या पत्रव्यवहारात जातो. आणि रविवारी, ज्यांच्याकडे सहज डोकावावे असे नातेवाईक येथे नसल्यामुळे, आपण त्या शहराच्या जुन्या दगडाविटांकडे वळतो. दिल्लीला बदली झालेले आमचे स्नेही अशाच रीतीने मोगलांचे जाणकार झाले. आमच्या वाट्यास चेन्नई आले आणि चेन्नईत सेंट जॉर्जचा किल्ला आला.

या किल्ल्यात तमिळनाडू सरकारचे सचिवालय आहे, लष्कराच्या कचेऱ्या आहेत, पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे; आणि या सर्व सरकारी गजबजाटात सेंट मेरीचे चर्च शांतपणे उभे आहे. १६७८ साली त्याचे काम सुरू झाले आणि १६८० साली ते उपासनेस खुले झाले. सुएझच्या पूर्वेकडील सर्वांत जुने अँग्लिकन चर्च म्हणून त्याची ख्याती आहे. आमचे लक्ष मात्र प्रथम वेधले ते त्याच्या छपराने. चर्चच्या छपराला लाकूड म्हणून लावलेले नाही. तोफेचा गोळा पडला तरी आतला माणूस वाचावा, अशा बेताने विटांची जाड कमान उचललेली आहे. कोकणात आपण पावसाचा अंदाज घेऊन छप्पर घालतो; येथे तो गोळ्यांचा घेतला होता. देवाच्या घरालाही ज्या देशात असे छप्पर लागत असे, त्या देशात देवाचे नाव सांगत हिंडणाऱ्या माणसाचे आयुष्य कसे गेले असेल, हा प्रश्न तेथे उभे राहिल्यावर आपोआप मनात येतो.

त्याचे उत्तर त्याच चर्चच्या आत संगमरवरात कोरलेले आहे. एक वृद्ध पाद्री मृत्युशय्येवर आहे, त्याने सांभाळलेली मुले भोवती आहेत, शेजारी त्याचा सहकारी आहे. हे स्मारक ईस्ट इंडिया कंपनीने धाकट्या जॉन बेकनकडून घडवून घेतले आणि १८०७ साली येथे बसविले. याच पाद्र्याचे दुसरे स्मारक तंजावरात आहे. ते फ्लॅक्समन या नामांकित इंग्रज शिल्पकाराकडून करविले तंजावरच्या मराठी राजाने, सरफोजी महाराजांनी. कंपनी आणि मराठी राजा यांचे मनापासून एकमत झाले, अशा गोष्टी इतिहासात फार थोड्या सापडतात. ज्याच्याविषयी ते झाले, तो माणूस ना इंग्रज होता, ना मराठा. त्याचे नाव क्रिस्तियान फ्रीडरिख श्वार्ट्झ.

श्वार्ट्झ हे प्रशियातल्या सॉनेनबुर्ग गावचे. जन्म १७२६चा. हाले येथे शिकत असताना तमिळ बायबलाच्या छपाईच्या कामासाठी त्यांनी तमिळ शिकण्यास सुरुवात केली. आपण बदलीचा हुकूम हाती पडल्यावर भाषेचे पुस्तक विकत घेतो. या गृहस्थांना भाषेने आधी धरले आणि मग देशाने. १७५० साली ते तरंगंबाडीस उतरले. हे बंदर डॅनिश लोकांनी १६२० साली तंजावरच्या नायकांकडून मिळविले होते आणि तेथील मिशन १७०६ साली त्सीगेनबाल्ग व प्ल्यूचाऊ या दोघा जर्मन पाद्र्यांनी सुरू केले होते. म्हणजे राजा डॅनिश, पाद्री जर्मन, द्रव्याचा काही भाग लंडनचा आणि माणसे तमिळ, असा तो संसार होता. १७५० पासून १७९८ पर्यंत अठ्ठेचाळीस वर्षे श्वार्ट्झ येथे राहिले. त्यांनी लग्न केले नाही आणि ते एकदाही मायदेशी गेले नाहीत. चार वर्षांनी घराजवळ बदली मिळावी म्हणून अर्ज लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांनी या आकड्यापाशी थोडे थांबावे.

त्या अठ्ठेचाळीस वर्षांत, आणि त्यांच्या आगेमागे, हा किनारा एक दशकही स्वस्थ नव्हता. या अस्वस्थतेला आपल्या लोकांचाही हातभार लागला होता. १७४१ साली रघूजी भोसल्यांच्या फौजांनी तिरुचिरापल्ली घेतली आणि चंदासाहेबास कैद करून साताऱ्यास पाठविले. १७४६ साली फ्रेंचांनी मद्रासच घेतले आणि ते इंग्रजांस १७४९ साली परत मिळाले. १७५८ साली फ्रेंच सेनापती लाली याने पुन्हा मद्रासला वेढा घातला. त्यानंतर अर्काटचा नवाब, तंजावरचे राजे, म्हैसूरचा हैदर आणि कंपनी यांची लढाई, तह आणि पुन्हा लढाई अशी पाळी सुरूच राहिली. रयतेला सारा कोणाला द्यायचा हे ठाऊक नव्हते. आणि पुष्कळदा तो दोघांनाही द्यावा लागत असे.

अशा देशात पाद्र्याने राहावे कसे? मद्रासच्या वेपेरी भागात या प्रश्नाचे एक उत्तर फॅब्रिशियस यांनी दिले. हेही जर्मन आणि हालेचेच; १७४२ पासून मद्रासेत होते. फ्रेंच आले की मंडळीसह उत्तरेकडे डचांच्या पुलिकतला जावे, फ्रेंच गेले की परत यावे आणि मोडलेले घर पुन्हा मांडून भाषांतराच्या कामाला बसावे, असा त्यांचा क्रम. १७६१ साली इंग्रजांनी पाँडिचेरी घेतली तेव्हा लुटीत एक छापखाना हाती आला, तो वेपेरीस फॅब्रिशियस यांच्या स्वाधीन झाला. युद्धाने दिलेल्या त्या छापखान्याचा त्यांनी उत्तम उपयोग केला. त्यांचे तमिळ बायबल, त्यांची तमिळ गीते, १७७९ साली निघालेला त्यांचा तमिळ-इंग्रजी कोश ही कामे तमिळ भाषेच्या इतिहासात नोंदली गेली आहेत. परंतु या विद्वान माणसास हिशेब साधला नाही. मिशनच्या आणि लोकांच्या ठेवी त्यांनी नवाबाच्या गोतावळ्यातील माणसांस व्याजाने दिल्या. त्या बुडाल्या, आणि वार्धक्यात कर्जापायी त्यांना तुरुंग पाहावा लागला. १७९१ साली ते वारले. त्यांनी स्वतःसाठी काही घेतले असे कोणी म्हटलेले नाही. गोळ्यांपासून जपलेला माणूस व्याजाच्या कागदाने घायाळ झाला. अस्थिर देशात राज्ये जशी बुडतात तशी वचनेही बुडतात, हे त्यांच्या ध्यानी आले नसावे.

श्वार्ट्झ यांची वाट निराळी झाली. १७६२ नंतर ते तिरुचिरापल्लीस जाऊ-येऊ लागले, आणि १७६६ साली त्यांच्या खटपटीने तेथे चर्च उभे राहिले. पुढे तेथल्या गोऱ्या फौजेचे पाद्री म्हणून कंपनीकडून त्यांना वर्षाला शंभर पौंड मिळू लागले. म्हणजे ते कंपनीचे पगारदार होते. ही गोष्ट लपविण्याचे कारण नाही. तमिळ तर त्यांना येतच होते. नवाबाच्या माणसांशी बोलता यावे म्हणून ते फारसी व हिंदुस्तानी शिकले, आणि तंजावरच्या दरबाराशी संबंध आल्यावर मराठी शिकले. १७६९ साली तुळजाजी महाराजांशी त्यांची ओळख झाली. त्या दिवसापासून महाराज ख्रिस्ती होतील अशी आशा पाद्रीबोवांनी सोडली नाही, आणि महाराजांनी ती कधी पुरी केली नाही. तरी स्नेह तुटला नाही. वाद संपल्यावरही माणूस आपला राहतो, हे पाहण्याचे भाग्य राजांच्या वाट्यास क्वचितच येत असावे.

१७७३ साली नवाबाने कंपनीच्या फौजेच्या बळावर तंजावर घेतले आणि तुळजाजींना कैदेत टाकले. विलायतेतून हुकूम आला, की राज्य परत द्या. त्याप्रमाणे गव्हर्नर पिगट याने १७७६ साली महाराजांस पुन्हा गादीवर बसविले. पण ज्या गोऱ्या सावकारांचे पैसे नवाबाकडे अडकले होते त्यांचे हितसंबंध दुखावले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पिगटच्याच कौन्सिलाने त्याला अटक केली आणि १७७७ साली तो अटकेतच मेला. त्याचे थडगे याच सेंट मेरीच्या चर्चमध्ये आहे. देशाची अस्थिरता रणांगणावर जितकी होती तितकीच ती मद्रासच्या कौन्सिलाच्या टेबलाभोवतीही होती, हे या एका दगडावरून कळते.

१७७९ साली अशाच टेबलावरून श्वार्ट्झ यांना एक काम आले. हैदरअलीची मर्जी उडाली होती. त्याच्याकडे वकील पाठवायचा, तर तो कंपनीच्या कोणत्याही अंमलदाराचा शब्द मानावयास तयार नव्हता. मात्र तिरुचिरापल्लीच्या पाद्र्याचा शब्द तो मानील, अशी हवा होती. गव्हर्नर रंबोल्डने श्वार्ट्झ यांना गळ घातली. ते विचारात पडले. त्यांनी होकार दिला तो तीन कारणांनी: हेतू शांततेचा आहे, त्या मुलखात धर्म सांगता येईल, आणि ज्यांचे अन्न खातो त्यांचे ऋण काही अंशी फिटेल. खर्चापलीकडे नजराणा घ्यायचा नाही, हे त्यांनी मनाशी ठरविले होते.

श्रीरंगपट्टणात त्यांनी हैदरचे दप्तर पाहिले. ते वर्णन आम्हां कारकुनांनी मुद्दाम वाचावे असे आहे. हैदरला लिहितावाचता येत नव्हते. पण स्मरण दांडगे. एका लेखकाला मजकूर सांगावयाचा, त्याने लिहून वाचून दाखविला की दुसऱ्याला बोलावून तोच कागद पुन्हा वाचवून घ्यावयाचा. सांगितल्यात आणि लिहिल्यात फरक निघाला तर लिहिणाराचे डोके जात असे. आमच्या कार्यालयातला मसुदा चार टेबले हिंडून येतो, आणि शेवटी तो कोणाचा हे कोणालाच सांगता येत नाही. हैदरची पद्धत कोणी पुन्हा आणावी असे आम्ही म्हणणार नाही, पण कागदावरचा शब्द कोणा एकाचा असतो ही जाणीव त्या दप्तरात होती खरी.

हैदरने श्वार्ट्झ यांचे ऐकून घेतले आणि आपले गाऱ्हाणेही सांगितले. कंपनीने त्याच वर्षी माहे बंदर घेतले होते. ते फ्रेंचांचे असले तरी त्याच्या आश्रयाखालचे होते. तह होतात आणि मोडले जातात, मग शब्द कोणाचा धरावा, असा त्याचा रोख होता. निघताना त्याने वाटखर्चासाठी तीनशे रुपयांची थैली दिली. श्वार्ट्झ यांनी ती आणून कंपनीच्या हवाली केली. कंपनीने ती तुम्हीच ठेवा म्हटले, तेव्हा त्या रकमेतून तंजावरात गरीब मुलांच्या शाळेची सुरुवात झाली. आमच्या धंद्याची ही सवय म्हणा, पण हैदरच्या दरबारातील सगळ्या थाटापेक्षा त्या तीनशे रुपयांच्या जमाखर्चाने आमचे मन अधिक वेधले. ज्या काळात मद्रासचे अंमलदार नवाबाच्या व्याजावर गबर होत होते, त्या काळात एका माणसाने थैलीची नोंद दिली.

पण त्यांनी आणलेल्या निरोपाचे काय झाले? काहीच झाले नाही. मद्रासकरांना शांतता हवी होती ती वेळ काढण्यापुरती. १७८० च्या जुलैत हैदर प्रचंड सैन्यानिशी कर्नाटकात उतरला. सप्टेंबरात कांचीपुरमजवळ पोल्लिलूर येथे त्याने बेलीच्या तुकडीचा धुव्वा उडविला. मद्रासच्या आसपासची खेडी जळली आणि माणसे जीव घेऊन किल्ल्याकडे धावली. प्रामाणिक माणसाचा शब्द एका कचेरीने उसना घेतला आणि खर्चून टाकला. नवल असे की त्याची शिक्षा हैदरने त्या माणसास केली नाही. या पाद्र्यास कोणी अडवू नये, असा हुकूम त्याने आपल्या लोकांना देऊन ठेवला होता. आणि युद्ध पेटलेले असता श्वार्ट्झ शत्रूच्या चौक्यांतून जात-येत राहिले. वकिलाचा शब्द बुडाला, पण माणसाचा शिल्लक राहिला.

तो किती शिल्लक होता हे लवकरच दिसले. तंजावरच्या किल्ल्यात दुष्काळ पडला. भोवतालच्या मुलखात धान्य होते. पण शेतकरी ते आत आणीनात, कारण पूर्वी आणलेल्याचे दाम त्यांना मिळाले नव्हते. राजाची वचने झाली, कंपनीची झाली, कोणी बैल हलवीना. शेवटी श्वार्ट्झ यांना सांगण्यात आले, की तुम्ही लोकांना लिहा. दाम मी माझ्या हाताने देईन, असे त्यांनी कळविले. एक-दोन दिवसांत हजार बैल मिळाले आणि थोड्याच अवधीत ऐंशी हजार कलम धान्य किल्ल्यात आले. कलम हे धान्याचे तमिळ माप आहे, आमच्या परिचयाचे नियमावलीतले कलम नव्हे. त्यांनी प्रत्येकाचे पैसे चुकते केले. ज्या शेतकऱ्यांनी हे धान्य आणले त्यांतले बहुतेक त्यांच्या धर्माचे नव्हते, आणि होण्याची शक्यताही नव्हती.

तुळजाजी महाराज १७८७ साली वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी भोसले घराण्यातील दहा वर्षांच्या आतबाहेरचा एक मुलगा दत्तक घेतला आणि त्याचा सांभाळ श्वार्ट्झ यांनी करावा अशी इच्छा सांगितली. श्वार्ट्झ यांनी राज्यकारभाराचे ओझे घेण्यास नकार दिला आणि महाराजांचे बंधू अमरसिंह यांचे नाव सुचविले. अमरसिंहांनी पुढे गादीच घेतली. दत्तकविधान अशास्त्र असल्याचे शास्त्रीमंडळींकडून वदविण्यात आले, कंपनीने ते मान्य केले आणि तो मुलगा कोंडला गेला. त्यास शिक्षण नव्हते, मोकळी हवा नव्हती. श्वार्ट्झ यांनी अर्जविनंत्यांचा पाठपुरावा सोडला नाही. १७९३ साली मुलास आणि तुळजाजींच्या राण्यांस संरक्षणासाठी मद्रासेत आणण्यात आले. गेरिके या पाद्र्याच्या देखरेखीखाली तो येथे शिकला. आज आम्ही ज्या शहरात राहतो ते एका मराठी राजपुत्राचे आश्रयस्थान होते, हे आमच्या पुष्कळ मराठी शेजाऱ्यांना ठाऊक नाही. दत्तकाचा निकाल फिरला. परंतु तो मुलगा सरफोजी महाराज म्हणून १७९८ च्या जूनमध्ये गादीवर बसला तेव्हा श्वार्ट्झ हयात नव्हते. ते फेब्रुवारीतच वारले होते. त्यांच्या अंत्यविधीस महाराज आले आणि रडले. थडग्यावर कोरण्यासाठी त्यांनी स्वतः इंग्रजीत ओळी रचल्या.

येथे मराठी वाचकाच्या मनात जो प्रश्न उठेल तो आमच्याही मनात आहे. या उपकाराची किंमत कोणी दिली? गादीवर बसल्याला पुरते दीड वर्ष होण्यापूर्वी, १७९९ साली, सरफोजी महाराजांना राज्याचा कारभार कंपनीस लिहून द्यावा लागला. त्यांच्याकडे किल्ला राहिला आणि तनखा राहिला. पुढे १८५५ साली त्यांचे पुत्र वारले आणि तंजावरचे राज्य संपले. पाद्र्याने मुलगा वाचविला. कंपनीने राज्य नेले. श्वार्ट्झ यांनी आपला शब्द ज्या कचेरीच्या शब्दाशेजारी वेळोवेळी ठेवला, त्या कचेरीने त्याचा लाभ उठविला, हे नाकारता येत नाही. त्यांना आपण केवळ संत म्हणून मोकळे होऊ नये, आणि केवळ कंपनीचा हस्तक म्हणून निकालात काढू नये. दोन्ही निकाल सोयीचे आहेत, आणि दोन्हींत त्या ऐंशी हजार कलमांचा हिशेब लागत नाही.

आणि तो मुलगाही कोणाच्या साच्यातला झाला नाही. पाद्र्यांपाशी शिकून तो ख्रिस्ती झाला नाही. त्याने सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह वाढविला, १८०३ साली बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसल्यांच्या वंशाचा इतिहास मराठीत कोरविला, तंजावरात देवनागरी छापखाना काढला आणि तेथून १८०६ साली इसापच्या नीतिकथांचे मराठी पुस्तक बाहेर पडले. पुण्यामुंबईत मराठी छपाई रुळण्यापूर्वी ती तंजावरात अवतरली, याचे मूळ काही अंशी पाद्र्यांनी दिलेल्या त्या शिक्षणात शोधावे लागते.

हे सर्व आम्ही लिहीत बसलो त्याचे कारण इतिहासाची हौस एवढेच नाही. आमच्या कार्यालयात निवृत्तिवेतनाची प्रकरणे येतात. नव्या माणसास तेथे पहिला उपदेश मिळतो तो असा, की समोरच्यास शब्द म्हणून देऊ नये. प्रकरण विचाराधीन आहे, एवढेच सांगावे. उपदेश शहाणपणाचा आहे. आपण आज येथे आहोत, उद्या बदली होईल. वरच्या टेबलाने काय करावे हे आपल्या हाती नाही. पण गेल्या वर्षी कावेरीकाठच्या एका खेड्यातून एक वृद्ध बाई नवऱ्याच्या मागे मिळावयाच्या वेतनासाठी येऊ लागल्या. आम्ही त्यांना पाट्टी म्हणजे आजी म्हणत असू, त्या आम्हांला तंबी म्हणत. छापील उत्तर आम्ही त्यांना तमिळमध्ये समजावून सांगितले, तेव्हा तो कागद त्यांनी घडी करून पिशवीत ठेवला आणि विचारले, "तंबी, हे कागद सांगतो. तू काय सांगतोस?"

या प्रश्नाला नियमावलीत उत्तर नाही. वेतन अमुक तारखेला मिळेल असे सांगणे म्हणजे कचेरीचा शब्द आपल्या नावावर खर्च करणे होते. विचाराधीन आहे असे पुन्हा सांगणे म्हणजे त्यांना परत त्या कागदाकडे ढकलणे होते. आम्ही तिसरेच केले. फाईल कोणत्या टेबलावर आहे, तेथे ती कधीपासून आहे आणि आपण स्मरणपत्र केव्हा लिहिणार, एवढे आम्ही त्यांना सांगितले. आणि जे सांगितले ते केले. सात महिने लागले. त्या दर महिन्यास येत. खिडकीत दुसरा कोणी असला तर काही न विचारता बाकावर बसून राहत, आणि आम्ही जागेवर आलो की उठत. वेतन सुरू झाल्यावरही एकदा आल्या. काम काही नव्हते. आमची बदली झाली काय, एवढेच विचारावयास त्या आल्या होत्या.